चाकसूच्या वाटेवरचा पाटा

"होते ना बाप्पा! काऊन नाही होत?"

असं म्हणायच्या आणि पदर कमरेला खोचायच्या. पदर खोचला की समजायचं, आता या बाईंना अडवण्यात अर्थ नाही. तुमच्याही ओळखीत असं एखादं माणूस असेल. नाही म्हणणाऱ्यावर रागवत नाही, फक्त त्याच्या बाजूनं वळसा घालून पुढं जातं.

नाव सांगत नाही. त्यांना ते आवडलं नसतं, आणि मला तरी ते कधी घ्यावं लागलं नाही. मी त्यांना बाई म्हणायचो, त्या मला जाधव म्हणायच्या. जयपूरच्या आरोग्य खात्यात त्या डॉक्टर होत्या, मी त्यांच्या जीपवर ड्रायव्हर. पलटणीतून सुटलो तो जयपूरलाच चिकटलो. बाई नवऱ्याच्या बँकेतल्या बदलीमुळं आलेल्या. मी साताऱ्याकडचा, त्या नागपूरच्या. खात्यात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, आणि त्या दोघांचंही मराठी एकमेकांना पटायचं नाही.

एकदा मी म्हटलं, "बाई, तुम्ही 'काम करून राहिले' म्हणता. म्हणजे काम करून झाल्यावर तिथंच राहिलात का?"

"अन् तुम्ही 'जातोय, जातोय' म्हणता अन् चहा पीत बसता, त्याचं काय?" बाई म्हणाल्या.

मी कप खाली ठेवला आणि गाडी काढली.

गाडी म्हणजे लढाईच्या वेळची जीप, लिलावातून आलेली. इंजिन बैलासारखं. पण स्टेरिंगला एक खोड होती. तिसेक मैलांच्या वर वेग गेला आणि पुढचं चाक एखाद्या चाकोरीत आदळलं, की स्टेरिंग थरथरायला लागायचं. थरथर म्हणजे साधी नव्हे. पुढची दोन्ही चाकं डावी-उजवी अशी फडफडायची, हातातलं चक्र हिसके द्यायचं, दात वाजायचे, मागच्या बाकावरच्या बाटल्या नाचायच्या. तिकडचे ड्रायव्हर म्हणायचे, "गाडी घूमर खेल रही है." घूमर म्हणजे तिकडच्या बायकांचा गिरक्यांचा नाच. वेग अगदी चालीवर आणला की थांबायची. पुन्हा वेग घेतला, पुन्हा खड्डा, पुन्हा घूमर.

मी म्हणत होतो, किंगपिन सैल आहे. ज्या खिळीवर चाक वळतं ती किंगपिन. बाई म्हणायच्या, टायरॉड. म्हणजे दोन्ही चाकांना जोडणारा दांडा. त्यांना टायरॉड हा शब्द कुठून कळला होता देव जाणे. पण कळला होता, आणि एकदा कळलेला शब्द त्या फुकट जाऊ द्यायच्या नाहीत.

एका सकाळी त्यांच्या बंगल्याच्या आवारात मी जीपचं पुढचं तोंड जॅकवर उचललं. चाक वर-खाली धरून हलवलं. खटखट. म्हटलं, "बघा, किंगपिन." बाई म्हणाल्या, "थांबा," आणि पदर खोचून, गोणपाट अंथरून, चक्क गाडीखाली गेल्या. "आता आडवं धरून हलवा." हलवलं. खालून आवाज आला, "टायरॉड हो, जाधव, टायरॉड! डोळ्यानं पाहून राहिले ना मी!"

तेवढ्यात बँकवाले साहेब बाहेर आले. गाडीखालून बायकोचे पाय दिसतायत, वर मी चाक हलवतोय. साहेब शांत माणूस. म्हणाले, "जेवायला येणार आहात का दोघं, की ताट तिथंच सरकवू?"

जुन्या बाजारातून सुटे भाग जमवणं माझं काम. मी एक कमानीचा पाटाही आणून ठेवला होता. जीपचं ओझं पुढं-मागं कमानींवर असतं, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांवर. त्या पट्टीला आपल्याकडं पाटा म्हणतात. तो पाटा मी गोणपाटात गुंडाळून बाईंच्या जिन्याखाली ठेवला. जिन्याखालीच त्यांच्या सासूबाईंचा मिरची-मसाल्याचा दगडी पाटाही भिंतीला टेकून उभा होता. मला दिसला होता. पण त्यात लक्ष देण्यासारखं काय आहे, असंच तुम्हालाही वाटलं असतं.

आता बाईंचं काम काय ते सांगतो. त्या काळी देवीचा रोग होता. आता नाही, पण तेव्हा गावंच्या गावं त्यानं फुलायची. बाई गावोगाव फिरून लस टोचायच्या. बाही वर सारून हात धरायच्या, म्हणायच्या, "हाथ ढीला छोड़ो, माँजी," आणि ती बारीक गोल सुई फिरवायच्या. हात सैल सोडला की दुखत नाही, असं त्यांचं म्हणणं. स्टेरिंग थरथरलं की मला पण तेच सांगायच्या. "हात सैल सोडा, जाधव. तुम्ही त्याच्याशी कुस्ती खेळून राहिले." मी सोडायचो नाही. स्टेरिंग सोडायला शिकवणारे डॉक्टर निराळे आणि गाडी झाडावर चढल्यावर टाके घालणारे निराळे, एवढं मला कळत होतं.

लोक लस घ्यायला तयार नसत. त्यात एकदा घोटाळा झाला. चाकसूच्या बाजूच्या एका गावात बाई मागच्या बाकावर औषधं काढत होत्या, आणि पारावरच्या लोकांनी मला विचारलं, काय करायला आलात? आपण मराठीत काय म्हणतो? देवी काढणे. मी हिंदीत सांगितलं, "देवी निकालने आये हैं."

पारावर फिरणारी चिलीम थांबली. मग एक जण उठला, दुसरा उठला, आणि चौथ्याच्या हातात काठी होती. त्यांना वाटलं, हे सरकारी लोक देवळातली देवी उपटून न्यायला आलेत. मी जीप उलटी पळवली ती थेट पक्क्या रस्त्यापर्यंत, आणि घूमर खेळत.

"जाधव, काय बोलले तुम्ही त्यांना?"

मी सांगितलं.

बाई इतक्या हसल्या की डोळे पुसायला पदर काढावा लागला. मी मात्र तेव्हाही म्हणत होतो आणि आजही म्हणतो, शब्द बरोबर होता. ऐकणारे जयपूरचे होते, त्याला मी काय करू?

पण ती गोष्ट त्या भागात पसरली. देवी निकालनेवाली जीप. जीप दिसली की दारं लागायला लागली. आणि रोग तर तिथंच होता, दोन-चार वाड्यांत पोरं तापली होती.

तेव्हा बाईंनी ठरवलं, शीतला मातेच्या जत्रेत जायचं. चाकसूला होळीनंतर ती जत्रा भरते. शीतला म्हणजे या रोगाचीच देवी. साऱ्या गावांच्या बायका आपापली पोरं घेऊन पायी, बैलगाड्यांतून तिथं येतात. बाईंचं म्हणणं सरळ होतं. दारं लागली तर लागू दे, वर्षातून एक दिवस ही सगळी पोरं दाराबाहेर एका ठिकाणी असतात. वरच्या साहेबांनी हात जोडले. म्हणाले, देवीच्या दारात देवीची लस? मारतील तुम्हाला.

"होते ना बाप्पा," बाई म्हणाल्या.

साहेबांनी त्या एका दिवसाची परवानगी दिली. तेवढा दिवस गेला की त्या वाड्यांतल्या पोरांपर्यंत पोचायचा दुसरा रस्ता नव्हता, हे बाईंना माहीत होतं आणि मला पण.

लस काचेच्या बारीक नळ्यांत असायची, बर्फाच्या पेटीत. बर्फ वितळला, लस तापली, की ती वाया. पेटी एवढी जड की मला दोन्ही हातांनी उचलायला लागायची. आम्ही सकाळीच निघालो. चाकसूकडं जाणाऱ्या टोंक रोडला जत्रेची गर्दी. लाल-पिवळ्या ओढण्या, बैलांच्या गळ्यात घुंगरं, डोक्यावर झाकलेली मडकी. मी गर्दी टाळायला कडेची चाकोरी धरली, आणि थरथर सुरू झाली. पण या वेळी वेग उतरवला तरी थांबेना. मग खालून खाडकन आवाज आला आणि जीप उजवीकडं ओढायला लागली.

गाडीखाली गेलो. किंगपिन नव्हे, टायरॉड नव्हे. उजव्या बाजूच्या कमानीच्या वरच्या पाट्याला आडवा तडा, आणि ज्या बुशात त्याचं टोक अडकतं तो झिजून झिजून अर्धा उरलेला. दोघांचीही जिरली. किंगपिन पण सैल होतीच, हे मात्र सांगून ठेवतो.

जवळच्या वाडीत लोहार होता. त्याच्याकडं पळत गेलो. एक पट्टी तापवून कडं करून दिलं असतं तर काम झालं असतं. लोहार खाटेवर पडून शिळी पुरी खात होता. म्हणाला, "आज बासोड़ा है, भाया. भट्टी ठंडी है." त्या दिवशी घरात चूल पेटत नाही, आदल्या दिवशीचं गार अन्न खातात, कारण देवीला गारवा हवा. लोहाराची भट्टी पण त्यात आली. मी भांडलो. तो पुरी खात राहिला.

परत आलो तर बाई बैलगाड्या थांबवत होत्या. "भैया, चाकसू तक पेटी ले चलोगे?" गाडीवाले आधी थांबायचे, मग पेटी बघायचे, मग जीप बघायचे, आणि बैलांच्या शेपट्या पिळायचे. बस तर टपापर्यंत भरलेल्या, थांबतच नव्हत्या.

उलट दिशेची, जयपूरला जाणारी बस मात्र रिकामी होती. ती मी आडवा उभा राहून थांबवली. कंडक्टरला बाईंच्या घराचा पत्ता सांगितला. म्हटलं, तिथं एक आजीबाई असतील, त्यांना एवढंच सांग: जिन्याखालचा पाटा द्या, लवकर. त्याच्याकडून दोनदा म्हणून घेतलं. "जिन्याखालचा पाटा," तो म्हणाला, अगदी पुण्याच्या माणसासारखं.

आता बर्फ आणि बस यांची शर्यत. बाई पेटीवर ओलं गोणपाट टाकत होत्या, विहिरीवरून पाणी आणत होत्या, पुन्हा ओलं करत होत्या.

बस आली, दारातही माणसं लोंबकळत होती. कंडक्टरनं मोठ्या अभिमानानं टपावरून गोणपाटातलं गाठोडं खाली सोडलं. "बहुत भारी है, जाधवजी!" गोणपाट उघडलं.

दगडी पाटा. टाकी लावलेला, वरच्या अंगाला हळदीकुंकवाची बोटं. आणि सोबत वरवंटा.

"माँजी ने कहा," कंडक्टर म्हणाला, "अकेला पाटा किस काम का? बट्टा भी ले जाओ."

मी पाट्याकडं बघितलं. बाईंनी माझ्याकडं बघितलं. मग त्या रस्त्याच्या कडेला मटकन बसल्या आणि मला वाटलं, रडतायत. जवळ गेलो तर हसत होत्या. आवाज नाही, नुसते खांदे हलत होते.

"माझ्या सासूबाईंना वाटलं असेल," त्या म्हणाल्या, "सून कॅम्पात चटणी वाटून राहिली."

हसू ओसरल्यावर त्यांनी पदर खोचला. "चला. हाड मोडलं तं आपण फळी लावून बांधतो. हेही बांधू. कशानं बांधायचं ते सांगा."

विहिरीपाशी एक फाटकी मोट पडलेली मी मघाशीच बघितली होती. तिकडं तिला चड़स म्हणतात. आमच्या मळ्यात मोट होती, तिचं चामडं मला ठाऊक आहे. ओलं करून आवळून बांधलं आणि उन्हात वाळू दिलं की ते आटतं, आणि आटलं की लोखंडासारखं धरतं. आगीचं काम नाही. मळेवाल्याला विचारून मोटेच्या लांब वाद्या कापल्या. टायर काढायची पहार तड्याशेजारी फळीसारखी लावली. मी वादी ओढत होतो, बाई वेढे मोजून बसवत होत्या, आणि शेवटी म्हणाल्या, "गाठ माझी." टाके घालताना मारतात ती गाठ. मी पाना अडकवून ओढून बघितली. सरकली नाही.

झिजलेल्या बुशात घालायला रॉकेलच्या डब्याचा पत्रा कापला. तो ठोकून सपाट करायला खाली काही तरी कठीण हवं. दगडी पाटा होताच. सासूबाईंची क्षमा मागून त्यावर पत्रा ठेवला आणि वरवंट्यानं ठोकला. काम झालं. आता ऊन लागून वादी वाळायची वाट बघायची. मी पाटा उचलून जीपला टेकवून उभा केला आणि हात धुवायला गेलो.

परत येतो तर पाट्यासमोर बायका उभ्या.

जत्रेला चाललेल्या होत्या, थांबल्या होत्या. एकीनं मडक्यातलं गार दही पाट्यापुढं ठेवलं. दुसरीनं वाकून पुरी ठेवली. मी बाईंच्या कानाशी म्हटलं, "बाई, चालून आलीय संधी. बोलू नका काही. देवी म्हणतायत तर म्हणू द्या, लायनीनं टोचून घ्या."

बाईंनी माझ्याकडं असं बघितलं की मी दोन पावलं मागं झालो. "जाधव, उद्या एखादं पोरगं नुसतं सर्दीनं तापलं तरी त्यांची देवी खोटी पडते, अन् माझी लसही." आणि पुढं होऊन हात जोडून म्हणाल्या, "माँजी, यह हमारे घर का सिलबट्टा है. गलती से आ गया."

सगळ्यात पुढं एक म्हातारी होती, तोंडात दात कमी आणि डोळ्यांत खोडी जास्त. ती म्हणाली, "जाणूँ छूँ, बाईसा. सिल म्हारै घराँ भी छै." माहीत आहे, पाटा काय आमच्या घरी नाही? मग तिनं सांगितलं, आज त्यावर काही वाटत नाहीत. रोज मिरची सोसतो, आज तो गार राहतो. म्हणून आज त्याला नमस्कार.

म्हणजे फसलेलं त्यांच्यातलं कुणीच नव्हतं.

म्हातारीनं जीपकडं बोट दाखवलं आणि माझ्याकडं बघून म्हणाली, "यही हैं ना, देवी निकालने वाले? निकालने आये थे, और अपनी साथ ले आये?"

बायका पदरात तोंड घालून हसल्या. बाई पण हसल्या. मग एकदम थांबल्या, जसं काही तरी हाताला लागलं. पेटीवरचं ओलं गोणपाट त्यांनी बाजूला केलं, झाकण उघडलं, आणि म्हातारीचा हात धरून आत घातला.

"देखो माँजी. मेरी दवा भी ठंडी है. बर्फ में रहती है. गरम हुई तो मर जाती है."

म्हातारीनं हात आत तसाच ठेवला. उन्हात चालून आलेली बाई, तिला तो गारवा बरा वाटला असणार. पण ती नुसती गारवा घेत नव्हती, विचार करत होती. मागं वळून तिनं बायकांना सांगितलं, "ठंडी छै." आणि दुसऱ्या हातानं आपल्या सुनेच्या कडेवरचं पोर पुढं ओढलं.

"हाथ ढीला छोड़ो, बेटा," बाई म्हणाल्या.

त्या पोरानं भोकाड पसरलं. दुसरं आलं. मग एक बैलगाडी थांबली. मग दुसरी, सकाळी शेपूट पिळून गेलेल्याचा भाऊ असावा. ज्या वाड्यांत दारं लागत होती त्या वाड्या आपल्या पायांनी रस्त्यानं येत होत्या, आणि म्हातारी सासूच्या थाटात सगळ्यांना रांगेत उभं करत होती. मी नळ्या काढून देत होतो. मध्येच जाऊन वादी दाबून बघत होतो. वाळत होती, टणक होत होती.

दुपार कलली तेव्हा वादी ठोकली तर ठणठण वाजली. बर्फाचं पाणी झालं होतं, पण त्याआधी नळ्या संपल्या होत्या. आम्ही जत्रेत पोचलो ते रिकामी पेटी घेऊन. बाईंनी देवीला नमस्कार केला, शिळी पुरी खाल्ली, आणि आम्ही परत फिरलो. जयपूरपर्यंत स्टेरिंग एकदाही थरथरलं नाही. गॅरेजवाला म्हणाला, सावकाश चालवली म्हणून नाही थरथरलं. म्हणू दे. त्यानं नवा पाटा घातला, बुश घातले, किंगपिनखालची पातळ पत्र्याची चकती काढून ती आवळली, टायरॉडची टोकं बदलली. मग घूमर कायमची गेली. सगळंच थोडं थोडं सैल होतं. पण त्यानं सुरुवात किंगपिनपासून केली, याची तुम्ही नोंद घ्या.

पुढच्या वर्षी वरचे साहेब स्वतः म्हणाले, कॅम्प रस्त्यावरच लावा. दोन-तीन वर्षं लावला. म्हातारी यायची. एका वर्षी आली नाही, तिची सून आली.

मग बँकवाल्या साहेबांची बदली झाली आणि बाई गेल्या. स्टेशनवर मीच सोडलं. सामानात तो दगडी पाटा होता. मी म्हटलं, "बाई, गाडी लांब पल्ल्याची, एवढं ओझं कशाला?" तर त्यांच्या सासूबाई खिडकीतून म्हणाल्या, "हा जाधव म्हणजे! ह्याला पाट्यातलं काही कळत नाही." गाडी हलली तेव्हा खिडकीच्या गजावर बाईंचा हात होता. पुढं भेट नाही. कुठं असतील, आहेत की नाहीत, कोणाला विचारणार?

मी इथंच राहिलो. आता टोंक रोडला बसनं जातो. गोपालपुऱ्याला शिकवण्यांची पोरं लोंढ्यानं चढतात, वरचा दांडा धरून उभी राहतात. त्यांच्या हातांवर देवीच्या लसीची खूण नसते. गुळगुळीत हात. रोगच गेला, तर टोचायचं कशाला? मला ते हात बघायला आवडतं. पोरांना वाटत असेल, म्हातारा बघतोय काय.

परवा एक बाई चढली, साठीच्या पुढची, चाकसूचं तिकीट मागितलं. दांडा धरला तशी बाही सरकली. हातावर दोन गोल व्रण. सगळ्या म्हाताऱ्यांना असतात. कुणाला शाळेत टोचलेलं, कुणाला दवाखान्यात. तरी मी विचारलं. या वयात माणसानं विचारावं.

"कहाँ लगवाया था, बहनजी?"

तिनं हाताकडं बघितलं, जसं फार दिवसांनी बघत असावी. "रास्ते में," ती म्हणाली. "माँ बताती थी. मेले जाते हुए, रास्ते में."

ती त्या दिवशीचीच असेल असं नाही. पुढच्या वर्षीची असेल, निराळ्याच गाडीची असेल. पण मी एकदा मानलं की मानलं.

मी बसमध्ये कुणाला जागा देत नाही, माझे गुडघे गेलेत. उठलो आणि तिला खिडकी दिली.